पारितोषिक-अपेक्षा, प्राण्यांमधील

पारितोषिक-अपेक्षा, प्राण्यांमधील : एखाद्या संकेतानंतर, विशिष्ट जागी किंवा विशिष्ट कृती केल्यावर अन्न मिळते, असा अनुभव वारंवार आला म्हणजे प्राण्याच्या ठिकाणी त्या अन्नाविषयी जी पूर्वतयारी निर्माण होते, तिला पारितोषिक-अपेक्षा असे म्हणतात. ही अपेक्षा पूर्ण झाली, तर संबंधित वर्तन टिकून राहते किंवा बळावते. अन्न मिळाले नाही, उशिरा मिळाले किंवा नेहमीपेक्षा कमी वा हलक्या प्रतीचे मिळाले, तर वर्तनात ठळक व बहुधा ठरावीक स्वरूपाचे बदल होतात. प्राणी शोधाशोध करतो, अधिक जोराने प्रयत्न करतो, क्वचित आक्रमक बनतो आणि अखेरीस ती कृती सोडून देतो. प्राण्याला अपेक्षा असते, हे विधान त्याच्या आंतरिक अनुभवाविषयीचे नाही. अन्न मिळणे वा न मिळणे ह्या एकाच घटनेला पूर्वानुभवानुसार भिन्न प्रतिसाद मिळतात, ह्यावरून काढलेले ते अनुमान आहे. ज्या उंदराला कधीच अन्न मिळाले नाही आणि ज्याला ते रोज मिळत होते, त्या दोघांपुढे आज रिकामी वाटी ठेवली, तर वाटी एकच असली तरी त्यांचे वर्तन सारखे नसते. ह्या फरकाचा अभ्यास प्रायोगिक मानसशास्त्र, प्राणिवर्तनशास्त्र व तंत्रिकाविज्ञान ह्या तिन्ही शास्त्रांत झालेला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ली थॉर्नडाइक (१८७४–१९४९) ह्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात भुकेल्या मांजरांवरील प्रयोगांचे वर्णन केले आहे. मांजराला फळ्यांच्या पेटीत कोंडून अन्न बाहेर ठेवले जाई. दोरी ओढणे किंवा खिटी दाबणे ह्यांसारख्या कृतीने दार उघडे. प्रारंभी मांजर ओरबाडणे, चावणे, अंग पिळवटणे असे नाना प्रयत्न करी व योग्य कृती योगायोगाने घडे. प्रयत्नांची संख्या वाढत गेली, तसा सुटकेला लागणारा वेळ कमी होत गेला. ज्या प्रतिक्रियेचा परिणाम समाधानकारक असतो, ती प्रतिक्रिया त्या परिस्थितीशी दृढपणे जोडली जाते, असा ‘परिणामाचा नियम’ त्यांनी ह्यावरून मांडला. ह्याच सुमारास रशियन शरीरक्रियाविज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) कुत्र्याच्या पचनसंस्थेचा अभ्यास करीत होते. त्याबद्दल त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्नाची सूचना देणाऱ्या उद्दीपकानेही कुत्र्याला लाळ सुटते, ह्या निरीक्षणातून अभिजात अभिसंधानाची कल्पना पुढे आली. सूचना देऊन अन्न दिलेच नाही, तर लाळेचे प्रमाण क्रमशः घटून शून्यावर येते, हेही त्यांना आढळले. ह्या घटीला विलोपन असे म्हणतात.

बी. एफ्. स्किनर (१९०४–९०) ह्यांनी तरफ दाबताच अन्नाची गोळी पुरविणारी व दाबांची नोंद आपोआप करणारी पेटी तयार केली. ह्या विषयातील दोन महत्त्वाच्या गोष्टी त्यांच्या हाती काहीशा योगायोगाने आल्या, असे त्यांनी १९५६ मध्ये लिहून ठेवले आहे. एकदा गोळ्या पुरविणारे यंत्र अडकले आणि उंदीर अन्नाविना तरफ दाबत राहिला. विलोपनाचा पहिला आलेख अशा रीतीने नोंदला गेला. दुसऱ्या प्रसंगी हाताने बनवाव्या लागणाऱ्या गोळ्या अपुऱ्या पडतील असे दिसल्याने त्यांनी प्रत्येक दाबाऐवजी मिनिटाला एकच गोळी देण्याचे ठरविले आणि उंदराचे वर्तन तरीही टिकून राहिले. पुढील संशोधनाचा फार मोठा भाग ह्या दोन निरीक्षणांचा विस्तार होय.

अपेक्षेचा पुरावा : थॉर्नडाइक ह्यांच्या नियमानुसार पारितोषिक हे केवळ परिस्थिती व प्रतिक्रिया ह्यांतील दुवा पक्का करणारे साधन ठरते. कोणते अन्न मिळणार, ह्याची जाणीव प्राण्याला असण्याची गरज त्यात नाही. ह्या मताविरुद्धचा पुरावा कॅलिफोर्निया विद्यापीठात एडवर्ड सी. टोलमन (१८८६–१९५९) ह्यांच्याभोवती जमलेल्या संशोधकांनी प्रथम पुढे आणला. टिंकलपॉ ह्यांनी १९२८ मध्ये माकडांच्या देखत दोन भांड्यांपैकी एकाखाली केळ्याचा तुकडा ठेवला आणि आडोसा करून, माकडाच्या नकळत, त्या जागी लेट्यूसचे पान ठेवले. एरवी हे पान माकडे आनंदाने खात असत. ह्या वेळी मात्र माकडाने भांडे उचलले, हात पुढे केला आणि पानाला न शिवताच तो आखडता घेतला. त्याने भांड्यात, भांड्याभोवती व जमिनीवर शोध घेतला आणि काही वेळा निरीक्षकांकडे वळून किंकाळ्या फोडल्या. पान बहुधा तसेच पडून राही. त्याच वर्षी एलियट ह्यांनी व्यूहात धावणाऱ्या उंदरांच्या एका गटाला नऊ दिवस कोंड्याचा लगदा देऊन दहाव्या दिवसापासून सूर्यफुलाच्या बिया दिल्या. ह्या गटाच्या चुका व धावण्याचा वेळ वाढून ती कामगिरी प्रथमपासून बियाच मिळालेल्या गटाहूनही खालावली. १९३० मध्ये टोलमन व हॉन्झिक ह्यांनी याच्या उलट बाजू दाखविली. दहा दिवस व्यूहात पारितोषिकाविना भटकलेल्या उंदरांना अकराव्या दिवशी अन्न मिळताच त्यांच्या चुका एकदम कमी झाल्या. वाट त्यांना आधीच कळलेली होती. त्या ज्ञानाचा उपयोग करण्यास कारण मात्र नव्हते.

अधिक काटेकोर पुरावा १९८१ मध्ये ॲडम्स व डिकिन्सन ह्यांच्या प्रयोगातून मिळाला. उंदरांनी तरफ दाबून एक विशिष्ट अन्न मिळविण्यास शिकल्यानंतर, तरफ नसलेल्या परिस्थितीत त्या अन्नाबरोबर लिथियम क्लोराइड देऊन त्याविषयी किळस निर्माण करण्यात आली. नंतरच्या चाचणीत कोणतेही अन्न दिले गेले नाही, तरी ह्या उंदरांनी तरफ कमी वेळा दाबली. दुवा केवळ यांत्रिक असता, तर असे घडण्याचे कारण नव्हते. कृतीतून कोणते अन्न मिळते आणि त्याचे आज मोल काय, ह्या दोन गोष्टी प्राणी एकत्र आणू शकतो, असा ह्याचा अर्थ होतो. मात्र दीर्घकाळ सराव झाल्यास कृती सवयीची बनते व अन्नाचे मोल घटल्यावरही चालू राहते, असे ह्याच मालिकेतील पुढील प्रयोगांत आढळले. म्हणजे थॉर्नडाइक ह्यांचा यांत्रिक दुवा व टोलमन ह्यांची अपेक्षा ह्या दोन्ही एकाच प्राण्यात, सरावाच्या भिन्न अवस्थांत दिसू शकतात.

अपेक्षेला कालाचे परिमाणही असते. संकेतानंतर ठरावीक अवधीने अन्न मिळण्याची सवय लागलेल्या उंदराला एखाद्या वेळी अन्न दिले नाही, तर तरफ दाबण्याचा त्याचा वेग नेहमीच्या क्षणाच्या सुमारास शिगेला पोहोचतो व नंतर उतरतो. अन्न येण्याचा क्षण टळून गेला, हे त्याच्या वर्तनातूनच कळते.

प्रबलनक्रम : अन्नाने वर्तन बळावण्याच्या क्रियेस प्रबलन म्हणतात आणि अन्न केव्हा द्यावयाचे, ह्या नियमास प्रबलनक्रम. फर्स्टर व स्किनर ह्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांच्या टोचण्याच्या विपुल नोंदी देऊन ह्या क्रमांचे सविस्तर विवरण केले. त्यांतील चार क्रम मूलभूत मानले जातात. स्थिर गुणोत्तर-क्रमात ठरावीक संख्येइतक्या प्रतिक्रियांनंतर अन्न मिळते. प्राणी अन्न खाल्ल्यावर थोडा थांबतो व मग एका दमात पुढची संख्या पुरी करतो. चल गुणोत्तर-क्रमात ही संख्या अनिश्चित असते आणि वर्तन वेगवान व जवळजवळ अखंड राहते. स्थिर कालांतर-क्रमात ठराविक वेळ गेल्यानंतरच्या पहिल्या प्रतिक्रियेला अन्न मिळत असल्याने प्राणी आरंभी स्वस्थ राहतो व वेळ जवळ येईल तसा वेग वाढवितो. चल कालांतर-क्रमात वेग मध्यम पण एकसारखा असतो. ह्या चारही क्रमांत बहुसंख्य प्रतिक्रिया निष्फळ जातात. तरीही वर्तन टिकते, कारण ‘न मिळणे’ हाही तेथे अपेक्षित नियमाचा भाग झालेला असतो.

अन्न प्राण्याच्या कृतीवर अवलंबून न ठेवता केवळ वेळेनुसार दिले, तरी त्याच्या वर्तनावर परिणाम होतो. स्किनर ह्यांनी १९४८ मध्ये कबुतरांना ठरावीक अंतराने आपोआप अन्न दिले असता, आठांपैकी सहा पक्ष्यांत गिरकी घेणे, मान झुलविणे ह्यांसारख्या निरुपयोगी हालचाली रूढ झालेल्या आढळल्या. अन्न व हालचाल ह्यांची योगायोगाने गाठ पडून हे घडते, असे त्यांचे मत होते. स्टॅडन व सिमेलहॅग ह्यांनी १९७१ मध्ये हाच प्रयोग अधिक बारकाईने केला व अन्न येण्याच्या सुमारास होणाऱ्या हालचाली सर्व पक्ष्यांत बऱ्याच सारख्या असतात, म्हणून त्यांचे मूळ योगायोगापेक्षा जातिसुलभ अन्नशोधक वर्तनात असावे, असे दाखविले. प्रतीक्षेचा काळ प्राणी कसा घालवितो, ह्याचे एक विलक्षण उदाहरण फॉक ह्यांनी १९६१ मध्ये नोंदविले. भुकेल्या उंदरांना अन्नाच्या लहान गोळ्या थांबूनथांबून दिल्या असता, तहान नसतानाही, सु. तीन तासांत त्यांनी आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी प्याले.

विलोपन : अन्न देणे पूर्णपणे बंद केल्यावर शिकलेले वर्तन हळूहळू लोपते. परंतु ही घट सरळ उताराची नसते. प्रारंभी बऱ्याचदा वर्तनाचा वेग, जोर व कालावधी ही वाढतात. ह्या वाढीस विलोपन-उद्रेक असे म्हणता येईल. तरफ अधिक जोराने दाबली जाते, ती चावली जाते, पेटीच्या भिंती ओरबाडल्या जातात. दुसरा बदल विविधतेचा होय. अँटोनायटिस ह्यांनी १९५१ मध्ये ५० सेंमी. लांबीच्या फटीत कोठेही नाक घातल्यास उंदरांना अन्न दिले. अन्न मिळत असता उंदीर फटीचा थोडाच भाग वापरीत. अन्न बंद होताच ते निरनिराळ्या जागी नाक घालू लागले. निसर्गात ह्या दोन्ही बदलांचा उपयोग उघड आहे. नेहमीच्या जागी अन्न न मिळाल्यास तेथेच अधिक जोर लावणे किंवा जवळपास दुसरीकडे शोधणे, हे उपासमार टाळण्याचे मार्ग आहेत. तिसरा बदल आक्रमकतेचा. ॲझरिन, हचिन्सन व हेक ह्यांनी १९६६ मध्ये टोचून अन्न मिळविणाऱ्या कबुतराच्या पेटीत दुसरे कबुतर बांधून ठेवले. अन्न मिळण्याचा काळ संपून न मिळण्याचा काळ सुरू होताच पहिल्या कबुतराने त्या निरुपद्रवी सोबत्यावर हल्ले केले.

विलोपन म्हणजे विस्मरण नव्हे. लाळ सुटणे पूर्णपणे थांबल्यानंतर कुत्र्याला काही काळ विश्रांती दिली, तर तोच संकेत पुन्हा लाळ उत्पन्न करतो, हे पाव्हलॉव्ह ह्यांना दिसले होते. ह्यास स्वयंस्फूर्त पुनःप्राप्ती म्हणतात. पुढील संशोधनात ह्याची आणखी रूपे आढळली. एका पेटीत शिकविलेले वर्तन दुसऱ्या पेटीत विलोपित केले व प्राण्याला पहिल्या पेटीत परत नेले, तर ते पुन्हा प्रकट होते. विलोपनानंतर संकेताशिवाय नुसते अन्न दिले, तरीही ते काही अंशी परत येऊ शकते. ह्यावरून विलोपनात जुना संबंध पुसला जात नाही, तर ‘येथे, आता, अन्न मिळत नाही’ असा दुसरा संबंध शिकला जातो आणि तो स्थलकालाशी अधिक निगडित असतो, असे मत आज सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले जाते.

विरोध-परिणाम : पारितोषिक बंद न करता केवळ त्याचे प्रमाण बदलले, तर काय होते, हा प्रश्न लिओ क्रेस्पी ह्यांनी १९४२ मध्ये हाती घेतला. सरळ धावमार्गाच्या टोकाशी काही उंदरांना अन्नाच्या २५६ गोळ्या, काहींना १६, तर काहींना एकच गोळी मिळे. अपेक्षेप्रमाणे मोठ्या पारितोषिकासाठी उंदीर अधिक वेगाने धावत. नंतर सर्वांना १६ गोळ्या देण्यात आल्या. पूर्वी २५६ गोळ्या मिळालेल्या उंदरांचा वेग उतरला, पण तो प्रथमपासून १६ गोळ्या मिळणाऱ्यांच्या पातळीवर न थांबता तिच्याही खाली गेला. एकाच गोळीवरून १६ वर आलेले उंदीर त्या पातळीच्या वर गेले. आज मिळणाऱ्या अन्नाचे मोल त्याच्या राशीने ठरत नसून काल मिळालेल्या अन्नाच्या तुलनेत ठरते, असे ह्यावरून दिसले. पहिल्या परिणामास ऋण व दुसऱ्यास धन विरोध-परिणाम म्हणतात. ऋण परिणाम पुढे अनेक प्रयोगशाळांत निःसंदिग्धपणे आढळला. धन परिणाम मात्र तितक्या सहजपणे दिसत नाही. तुलनेसाठी घेतलेले उंदीर आपल्या कमाल वेगास पोहोचलेच नसावेत, असा आक्षेप क्रेस्पी ह्यांच्या निष्कर्षावर घेण्यात आला.

अमेरिकन संशोधक चार्ल्स फ्लॅहर्टी ह्यांनी धावण्याऐवजी खाण्यापिण्याच्या क्रियेकडेच लक्ष दिले. काही दिवस ३२ टक्के साखरेचे द्रावण मिळालेल्या उंदरांना एकदम ४ टक्के द्रावण दिले, तर ते प्रथमपासून ४ टक्केच पिणाऱ्या उंदरांपेक्षा पुष्कळ कमी पितात. हे द्रावण त्यांना अपायकारक नसते किंवा नावडतेही नसते. ज्यांनी अधिक गोड चाखलेले नाही, ते ते आवडीने चाटतात. सामान्यतः काही दिवसांत हा फरक नाहीसा होतो. पहिल्या दिवशी प्राणी मुख्यतः नवे द्रावण पारखून नाकारतो व हरवलेल्याचा शोध घेतो आणि दुसऱ्या दिवसापासून ताणाची लक्षणे ठळक होतात, असे फ्लॅहर्टी ह्यांनी आपल्या संशोधनातून दाखविले. १९९६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ह्या सर्व संशोधनाचा आढावा घेतला.

वैफल्याची उपपत्ती : अपेक्षित पारितोषिक न मिळणे ही निव्वळ रिक्त घटना नसून ती स्वतःच एक अप्रिय व चेतना वाढविणारी घटना आहे, असा सिद्धांत एब्राम ॲम्सेल (१९२२–२००६) ह्यांनी मांडला. १९५२ मध्ये रूसेल ह्यांच्यासह केलेल्या प्रयोगात त्यांनी दोन धावमार्ग एकापुढे एक जोडले. पहिल्याच्या शेवटी व दुसऱ्याच्याही शेवटी उंदराला अन्न मिळे. नंतर निम्म्या फेऱ्यांत पहिल्या ठिकाणचे अन्न काढून घेण्यात आले. अशा फेऱ्यांत उंदीर दुसऱ्या मार्गावर अधिक वेगाने धावले. ह्यावर एक रास्त शंका निघाली : अन्न न खाल्ल्यामुळे उंदराची भूक कायम राहते व म्हणून तो वेगाने धावत असेल. वॅग्नर ह्यांनी १९५९ मध्ये पहिल्या ठिकाणी कधीच अन्न न मिळालेल्या उंदरांचा गट तुलनेसाठी घेतला. त्यांच्याही पोटात काही गेले नव्हते, पण त्यांचा वेग तेवढा नव्हता. तेव्हा वेग वाढविणारे कारण अन्नाचा अभाव हे नसून अपेक्षेचा भंग हे होय, असे ठरले.

ह्या उपपत्तीने एका जुन्या कोड्याचाही उलगडा केला. प्रत्येक वेळी पारितोषिक मिळालेले वर्तन, अधूनमधून मिळालेल्या वर्तनापेक्षा दृढ असावे, असे सामान्य तर्काने वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. हम्फ्रीज ह्यांनी १९३९ मध्ये माणसांच्या पापणीच्या प्रतिक्रियेबाबत आणि नंतर इतरांनी प्राण्यांबाबत दाखविल्याप्रमाणे, आंशिक प्रबलनाने जोपासलेले वर्तन विलोपनाला दीर्घकाळ दाद देत नाही. ॲम्सेल ह्यांच्या मते अशा प्राण्याने वैफल्याच्या अवस्थेतच पुढे जाण्याची व शेवटी अन्न मिळविण्याची सवय केलेली असते. म्हणून वैफल्य हीच त्याच्या दृष्टीने चालत राहण्याची खूण बनते. कॅपाल्डी ह्यांनी भावनेऐवजी स्मृतीवर भर दिला. मागच्या फेरीत अन्न मिळाले नव्हते, ही आठवण पुढच्या फेरीतील अन्नाशी जोडली जाते आणि म्हणून अपयशांचा क्रम महत्त्वाचा ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. फेऱ्या दीर्घ अंतराने घेतल्यास पहिले व जवळजवळ घेतल्यास दुसरे स्पष्टीकरण अधिक उपयोगी पडते, असे अनेक अभ्यासक मानतात.

शरीरक्रियात्मक आधार : अपेक्षाभंगाचे भीतीशी व चिंतेशी असलेले साम्य औषधांच्या अभ्यासातून दिसून आले. डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ह्यांसारखी चिंताशामक द्रव्ये तसेच अल्कोहॉल दिल्यास ऋण विरोध-परिणाम व वैफल्याचे इतर परिणाम सौम्य होतात. साखरेचे द्रावण सौम्य केल्यानंतर उंदरांच्या रक्तातील, अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणाऱ्या कॉर्टिकोस्टेरोन ह्या हॉर्मोनाचे प्रमाण दुसऱ्या दिवशी वाढते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेफ्री ग्रे (१९३४–२००४) ह्यांनी शिक्षेचा संकेत व पारितोषिक न मिळण्याचा संकेत हे दोन्ही मेंदूतील एकाच यंत्रणेवर कार्य करतात, असे गृहीतक मांडले.

अपेक्षा व वस्तुस्थिती ह्यांतील फरक मेंदू कसा मोजतो, ह्यावर वोल्फ्राम शुल्ट्झ ह्यांच्या प्रयोगांनी प्रकाश टाकला. माकडांच्या मध्यमेंदूतील डोपामीन स्रवणाऱ्या तंत्रिका कोशिका फळाच्या रसाचा अनपेक्षित थेंब मिळताच जोराने उद्दीपित होतात. रसापूर्वी संकेत देण्याची सवय झाली, की हे उद्दीपन संकेताच्या क्षणी होते व अपेक्षेप्रमाणे मिळालेल्या रसाला विशेष प्रतिसाद राहत नाही. संकेतानंतर रस दिला नाही, तर तो मिळावयास हवा होता नेमक्या त्याच क्षणी ह्या कोशिकांची क्रिया मंदावते. शुल्ट्झ, डायन व माँटेग्यू ह्यांनी १९९७ मध्ये ह्या प्रतिसादाचे ‘पारितोषिकाच्या पूर्वानुमानातील त्रुटी’ असे विवरण केले. मिळालेले अधिक असेल, तर त्रुटी धन, कमी असेल, तर ऋण आणि अपेक्षेइतकेच असेल, तर शून्य. अनपेक्षिततेनेच अध्ययन घडते, हे तत्त्व रेस्कोर्ला व वॅग्नर ह्यांनी १९७२ मध्ये केवळ वर्तनाच्या आधारे गणिती रूपात मांडले होते. त्याची शारीरिक खूण अशा प्रकारे हाती लागली. पारितोषिक हुकल्यावर मेंदूतील पार्श्व हॅबेन्यूला ह्या लहानशा भागातील कोशिका उद्दीपित होऊन डोपामीन-कोशिकांना आवर घालतात, असे मात्सुमोतो व हिकोसाका ह्यांनी २००७ मध्ये दाखविले.

प्राणिजातींतील भेद : पारितोषिक मिळाल्याने वर्तन बळावणे ही गोष्ट प्राणिसृष्टीत सर्वत्र आढळते. ते कमी झाल्याने होणारी तीव्र प्रतिक्रिया मात्र सर्वत्र आढळत नाही. सोनमाशांचे पारितोषिक मोठे असताना एकदम लहान केले, तरी त्यांचा वेग उंदरांप्रमाणे कोसळला नाही. भेकांवरील प्रयोगांतही ऋण विरोध-परिणाम दिसला नाही. ह्यावरून अपेक्षाभंगाची भावनिक यंत्रणा सस्तन प्राण्यांत उत्क्रांत झाली असावी, असे मत पुढे आले. परंतु ४० टक्के साखरेच्या द्रावणावरून २० टक्क्यांवर आणलेल्या मधमाश्या पिणे वारंवार थांबवितात, असे बिटरमन ह्यांनी १९७६ मध्ये दाखविले आणि पुढे काही पक्ष्यांतही तत्सम वर्तन नोंदले गेले. सारखे वर्तन भिन्न यंत्रणांतून उद्भवू शकते, हे लक्षात घेता हा प्रश्न अद्याप निर्णायकपणे सुटलेला नाही.

ब्रॉस्नन व द वाल ह्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला कॅप्युचिन माकडांवरील प्रयोग ह्या संदर्भात उद्‌बोधक आहे. खडा परत देण्याच्या मोबदल्यात शेजारणीला द्राक्ष मिळताना पाहिलेली माकडीण काकडीचा तुकडा नाकारी किंवा फेकून देई. हे अन्यायाच्या जाणिवेचे लक्षण होय, असे विवरण करण्यात आले. टीकाकारांच्या मते समोर दिसणाऱ्या द्राक्षामुळे त्याची अपेक्षा निर्माण होते व काकडीने तिचा भंग होतो. तसे असल्यास हा टिंकलपॉ ह्यांच्या केळ्याचाच नवा अवतार ठरतो. साधे स्पष्टीकरण पुरेसे असता गुंतागुंतीचे स्वीकारू नये, ह्या दंडकाची कसोटी पाहणारा हा वाद आहे.

व्यावहारिक महत्त्व : प्राणी शिकविणारे लोक आरंभी प्रत्येक योग्य कृतीला खाऊ देतात व कृती पक्की झाल्यावर तो विरळ करतात. आंशिक प्रबलनाच्या तत्त्वाचाच हा उपयोग होय. बंदिस्त प्राण्यांची निगा राखताना अन्नाची वेळ हा महत्त्वाचा घटक असतो. आखूड शेपटीच्या मॅकाक माकडांवरील, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या वेळेपेक्षा अन्नाला उशीर झाल्यास अस्वस्थतेचे वर्तन वाढलेले आढळले. अन्न आणण्याचे संकेत एक आणि प्रत्यक्ष अन्न दुसऱ्याच वेळी, असे घडू न देणे हा सोपा व बिनखर्चाचा उपाय असतो.

माथेरान, महाबळेश्वर ह्यांसारख्या पर्यटनस्थळी माकडांना खाऊ घालण्याच्या प्रथेचाही ह्या दृष्टीने विचार करता येतो. तेथे माकडाला प्रत्येक प्रवाशाकडून खाऊ मिळत नाही. तो केव्हा मिळेल, हे अनिश्चित असते. माणसाजवळ जाण्याचे वर्तन अत्यंत चिवट बनविणारा असाच हा क्रम आहे. हातातील पिशवी दिसली, पण खाऊ मिळाला नाही, म्हणजे माकड अंगावर येते किंवा पिशवी हिसकावते. अशा वेळी घाबरून खाऊ टाकला, तर त्या आक्रमकतेचेच प्रबलन होते. खाऊ देणे बंद केल्यास उपद्रव प्रथम वाढण्याचा संभव असतो. ही वाढ उपाय फसल्याची खूण नसून विलोपनाची ओळखीची पहिली पायरी होय. मात्र बंदी सर्वांनी व सातत्याने पाळली नाही, तर अधूनमधून मिळणारा एखादा घासही वर्तन टिकवून धरण्यास पुरतो. अर्धवट पाळलेली बंदी म्हणजे व्यवहारात आंशिक प्रबलनच ठरते.

हेच तत्त्व पारितोषिक अन्नाऐवजी लक्ष देण्याचे असले, तरी लागू पडते. विल्यम्स ह्यांनी १९५९ मध्ये सु. पावणेदोन वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण नोंदविले आहे. झोपण्याच्या वेळी आईवडिलांनी खोलीत थांबावे म्हणून तो आकांत करी. त्याला प्रेमाने निजवून खोलीत परत न जाण्याचे ठरविल्यावर पहिल्या वेळी तो ४५ मिनिटे रडला आणि दहाव्या वेळेपर्यंत रडणे थांबले. पुढे एकदा मावशीने रडताच परत जाऊन त्याला जवळ घेतले आणि आकांत पूर्ववत सुरू झाला. तो दुसऱ्यांदा विलोपित करावा लागला. जुगाराच्या यंत्रांपुढे माणसे दीर्घकाळ खिळून राहतात, ह्याचेही एक कारण चल गुणोत्तर-क्रमात सापडते. परंतु माणसाच्या ठिकाणी भाषा, सामाजिक संकेत व भविष्याविषयीचे विचार ह्यांचा प्रभाव असल्याने प्राण्यांवरील निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लागू करणे योग्य ठरत नाही.

पारितोषिकाचा अभाव हा केवळ अभाव नसून अनुभवाने घडलेल्या अपेक्षेच्या संदर्भात तो एक प्रभावी घटना बनतो, हे ह्या संशोधनाचे सार होय. प्राण्याला अन्न देण्याचा निर्णय जितका परिणामकारक असतो, तितकाच दिलेले अन्न थांबविण्याचाही असतो. म्हणून एकदा निर्माण केलेली अपेक्षा कशी पूर्ण करावयाची किंवा कशी मावळू द्यावयाची, ह्याचा विचार प्राणी पाळणाऱ्याने, शिकविणाऱ्याने व अभ्यासकाने ती निर्माण करण्यापूर्वीच करणे आवश्यक असते.